ओर्नेला बर्तोली भाडं भरत नाही

बॅरा क्रीक सहकारी साखर कारखान्यात जानेवारीतल्या भर उन्हाळ्यात एकच जागा गार असते, आणि तिथे पाऊल टाकायची कुणाची छाती होत नाही. ती म्हणजे ओर्नेला बर्तोलीची संगणकाची खोली. हंगाम बंद असल्यामुळे बाहेर सगळा कारखाना खोलून ठेवलेला असतो, रोलर जमिनीवर, साखळ्या जमिनीवर, आणि उकाडा असा की वेल्डरांच्या बुटात घाम साचतो. ओर्नेलाच्या खोलीत मात्र यंत्रांच्या नावाने चोवीस तास एसी चालू. एखादा वेल्डर "जरा पगाराचं विचारायचं होतं" असं काहीतरी कारण काढून आत शिरलाच, तर ओर्नेला मान न वळवता म्हणते, "दार. बाहेरून लाव."

अंगाने काटकुळी, वय साठीला टेकलेलं, आणि आवाज मात्र कारखान्याच्या भोंग्याशी पैज लावणारा. तिचा बाप इटलीतून येऊन इथे हाताने ऊस तोडायचा. तोडणीची यंत्रं आली आणि त्याचं काम गेलं, तेव्हा त्याने पोरीला सांगितलं होतं की यंत्र आलंच तर आपण त्याच्या आतल्या बाजूला असावं. अठराव्या वर्षी ती काट्यावर कारकून म्हणून लागली आणि हळूहळू खरोखरच यंत्रांच्या आतल्या बाजूला जाऊन बसली. नवरा केर्न्सला बोट चालवायला म्हणून गेला तो बोटीतच रमला. तिने त्याच्यामागे साधा निरोपही धाडला नाही.

पंधरा वर्षांपूर्वी या खोलीत प्रत्येक कामाला वेगळा संगणक होता. वादळात वीज गेली की त्यातला एखादा मरायचाच. मग ओर्नेलाने संचालक मंडळाच्या मागे लागून दोन दणकट सर्व्हर आणि त्यांच्यावर चालणारं एक सॉफ्टवेअर आणवलं. त्याची करामत अशी, की एका यंत्राच्या पोटात दहा-बारा संगणक नांदतात. पगाराचा वेगळा, काट्याचा वेगळा, उसाच्या रेल्वेचा वेगळा, आणि प्रत्येकाला वाटतं घर आपल्या एकट्याचंच. एक सर्व्हर बसला तर सगळं बिऱ्हाड शेजारच्या सर्व्हरवर हलतं. सॉफ्टवेअर एकदाच विकत घ्यायचं, वर्षाला देखभालीचं थोडं द्यायचं. कंपनीचा ग्रॅहम नावाचा माणूस दर उन्हाळ्यात यायचा, चहा प्यायचा, आंब्याची पिशवी घेऊन जायचा. सासू जावयाचं करते तसं कौतुक ओर्नेला त्या सॉफ्टवेअरचं करायची, आणि लोक कंटाळून विषय बदलायचे.

मग ती कंपनीच विकली गेली. नव्या मालकाचं पत्र आलं: विकत घेणं बंद, आता भाडं. आणि हवं तेवढंच घ्यायचीही सोय नाही, सगळा गठ्ठा घ्या, तीन वर्षांचा करार करा. हिशेब केला तर आधीच्या पाचपट. ओर्नेलाने ग्रॅहमला फोन लावला, तर त्याला पहिल्याच फटक्यात घरी बसवलं होतं. कंपनीचा फोन लावला, तर तिकडून संगीत ऐकू आलं, आणि बराच वेळ संगीतच ऐकू येत राहिलं.

संचालक मंडळाच्या बैठकीत चेअरमन क्लेम पास्को म्हणाला, "सही करून टाकू. जूनमध्ये गळीत सुरू. आता चालत्या गाड्याला खीळ कशाला?" क्लेम मोठा ऊस उत्पादक, माणूस सरळ, पण नव्या गोष्टीकडे आधी संशयानेच बघणारा.

"क्लेम, घर आपण विकत घेतलं होतं," ओर्नेला म्हणाली. "पलीकडे मालक बदलला म्हणून आपल्याच घरात भाडेकरू व्हायचं?"

"अगं पण हे घर शोधून आणलं कुणी? पंधरा वर्षं आमचे कान किटवलेस तू!"

सगळे हसले. ओर्नेला हसली नाही.

"आणलं मीच. म्हणून काढणारही मीच. आणि तुम्ही काय हसता? मागे एक परदेशी कंपनी हा कारखाना विकत घ्यायला आली होती, तेव्हा याच खोलीत हात वर करून 'नाही' कोण म्हणालं? शेजारचा कारखाना विकला गेला, मग दर कुणी ठरवला? काटा कुणाचा झाला? तेव्हा बरं कळलं तुम्हाला."

कोपऱ्यातून नेल्लो स्कार्पा, मंडळातला सगळ्यात म्हातारा संचालक, म्हणाला, "बाई बोलते कडू, पण बोलते बरोबर."

शेवटी ठरलं ते असं. जूनच्या आधी बॉयलर पेटवून वाफेची चाचणी होते, त्या दिवसापर्यंत ओर्नेलाला मुदत. जुना करारही त्याच संध्याकाळी संपणार होता. तोवर सगळं नव्या घरी नांदत असेल तर ठीक, नाहीतर क्लेम भाड्याच्या कागदावर सही करणार. एकदा सही झाली की तीन वर्षं मान अडकली, हे ओर्नेलाला पक्कं ठाऊक होतं. ती म्हणाली, "चालेल."

तिने निवडलेलं नवं सॉफ्टवेअर कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं, कुणीही वापरावं असं, आणि अडलं तर मदतीला ब्रिस्बेनमधलं एक छोटं दुकान. या पत्राने पोळलेली ती एकटीच नव्हती. पालिकेचा माणूस, खाटीकखान्याचा, जिल्ह्याच्या रुग्णालयातली बाई, असे सगळे दर मंगळवारी फोनवर जमून आपापली गाऱ्हाणी आणि युक्त्या वाटून घ्यायचे. पालिका अजून समितीच नेमत होती. खाटीकखान्याने घाईने घर हलवलं आणि एक दिवस सगळ्या मांसाच्या खोक्यांवर कोकराचंच लेबल छापलं गेलं. रुग्णालयातल्या बाईने एका मंगळवारी सांगून टाकलं, "आम्ही सही केली. इथे माणसं झोपलीयेत नळ्या लावून, मी प्रयोग नाही करणार." कुणी तिला नावं ठेवली नाहीत. ठेवायचं कारणही नव्हतं.

ओर्नेला मात्र हटली नाही. बाहेर वेल्डर रोलर बसवत होते आणि आत ही एकेक संगणक शेजारी आणलेल्या नव्या सर्व्हरवर, नव्या घरी, हलवत होती. आधी पगाराचा, कारण पगार अडला तर चूक शोधावी लागत नाही, शिव्याच पत्ता सांगतात. मग भांडाराचा, मग प्रयोगशाळेचा. मुलीचा होबार्टहून फोन आला की ही म्हणायची, "हो, जेवले," आणि समोर सकाळचं अर्धं सँडविच तसंच पडलेलं असायचं. सगळ्यात शेवटी तिने काट्याचा संगणक हलवला. तो तिचा लाडका. बाहेरून काही घुसू नये म्हणून तिने फार पूर्वी त्याची बाकी सगळ्या जाळ्याशी असलेली तार तोडून टाकली होती. त्याला फक्त काटा माहीत आणि काट्यावरची थेल्मा.

चाचणीच्या दिवशी चिमणीतून धूर निघाला आणि अर्धं गाव कुंपणाशी गोळा झालं. पावात गुंडाळलेल्या सॉसेजचा वास, कांद्याचा वास, पोरांचा गोंगाट. आमच्याकडे चाचणीला थोडा खरा ऊस लागतो, आणि पहिला मान कुणाचा यावरून दरवर्षी भांडणं होतात म्हणून चिठ्ठ्या टाकतात. यंदा चिठ्ठी नेल्लोची निघाली. सकाळी सातला तोडलेला त्याचा ऊस छोट्या आगगाडीच्या डब्यांतून नऊच्या सुमाराला काट्यावर आला. काटा थेल्मा टोगो सांभाळते. पन्नाशीची, जाडजूड, आणि जिभेला हाड नाही. तिने चालकाच्या चिठ्ठीवरची तोडणीची वेळ यंत्रात भरली. यंत्राने डबा नाकारला. दुसरा नाकारला. तिसराही.

थेल्माचा आवाज कर्ण्यावरून सगळ्या आवारात घुमला, "नेल्लो, यंत्र म्हणतंय तुझा ऊस अजून तोडलेलाच नाही! शेतात उभा आहे म्हणे. डब्यात काय भरलंयस रे, गवत?"

लोक पोट धरधरून हसले. नेल्लोही हसला. मग डबे तसेच उभे राहिले, मागून दुसरी गाडी येऊन थांबली, आणि हसणं हळूहळू विरलं. हंगामात असं झालं तर तोडलेला ऊस उन्हात सुकतो, आणि त्यातली साखर कुणाची वाट बघत नाही.

ओर्नेला आपल्या खोलीत जाऊन नोंदींच्या रांगाच्या रांगा चाळत होती. काटा ठीक, तार ठीक, प्रोग्रॅम तोच. दारावर थाप पडली.

"दार. बाहेरून लाव."

पुन्हा थाप. "ओर्नेला, ऐक तर—"

"थेल्मा, मला काम करू दे!"

थेल्मा गेली नाही. तिने दारावर मूठ आपटायला सुरुवात केली आणि बाहेरूनच ओरडली, "बये, काट्याच्या यंत्रात काल रात्रीचे अकरा वाजलेत! बाहेर ये आणि बघ, इथे ऊन पडलंय!"

ओर्नेलाचे हात थांबले. काल रात्रीचे अकरा, आणि इथे सकाळचे नऊ. मधे दहा तास. जगाची प्रमाणवेळ आमच्यापेक्षा दहा तास मागे चालते, आणि नवं सॉफ्टवेअर आपल्या पोटात तीच वेळ ठेवतं. बाकीचे संगणक जाळ्यावरून खरी वेळ विचारून घेत होते. काट्याची तार तिनेच तोडलेली, म्हणून त्याने बिचाऱ्याने घरमालकाला, म्हणजे त्या सॉफ्टवेअरला, वेळ विचारली आणि घरमालकाने जगाची सांगितली. जुन्या सॉफ्टवेअरला ही सवय नव्हती. तिने एका चौकटीत एक खूण केली, काट्याचा संगणक बंद करून चालू केला, आणि दार उघडलं.

"जा. ओढ डबे."

यंत्राने पहिला डबा घेतला, मग दुसरा, मग सगळे. रोलरांनी नेल्लोचा ऊस आत ओढला आणि कुंपणाशी टाळ्या वाजल्या. ओर्नेला खुर्चीत बसली तेव्हा तिला पहिल्यांदा जाणवलं की आपण सकाळपासून पाणीसुद्धा प्यायलेलो नाही. तिला फार, फार आनंद झाला होता.

क्लेम आत आला. त्याच्या खिशात भाड्याचा तो कागद तसाच होता. त्याच्यामागे नेल्लो, आणि मागे दारात थेल्मा.

"झालं?" क्लेमने विचारलं.

"झालं. फाड तो कागद."

"एक विचारू? ऑगस्टमध्ये बिघडलं तर?"

"तर ऑगस्टमध्ये काय बिघडलंय ते मी तुला सांगेन. त्यांच्याकडे असतास तर संगीत ऐकत बसला असतास."

"आणि तू नसलीस तर? तुझी मुलगी होबार्टला आहे. तुझं वय झालं. रागावू नकोस." क्लेम भिंतीला टेकला. "या खोलीत काय आहे ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. आज ही दार बडवत बसली म्हणून कळलं, नाहीतर तू एकटी आत दिवसभर बसली असतीस. त्या कंपनीच्या तावडीतून सुटलो, मान्य. पण मग आता आम्ही कुणाच्या तावडीत आहोत, ओर्नेला?"

ओर्नेलाला शब्द लागला, आणि लागला तो खरा होता म्हणून. एवढी वर्षं तिला वाटत होतं की आपण कारखान्याची राखण करतो. आपल्याखेरीज कुणाला हे जमायचं नाही, याचा तिला अभिमान होता, आणि तो अभिमान तिने कधी लपवलाही नव्हता.

"थेल्मा," ती म्हणाली. "आत ये. दार उघडंच राहू दे."

"मला काय येतंय यातलं?"

"घड्याळ बघता येतं. बाकीचं मी शिकवते. आजपासून, रोज. बस." ओर्नेला खुर्चीतून उठली. "जुनं घर अजून चालू आहे, ते आता बंद करायचंय. कायमचं. ते तू करणार."

थेल्माने क्लेमकडे पाहिलं. क्लेमने खिशातला कागद काढला, पण अजून फाडला नाही. थेल्मा खुर्चीत बसली, खुर्ची करकरली. एका बोटाने, जपून, ओर्नेला सांगेल तिथे ती दाबत गेली. दोनदा चुकलं. ओर्नेलाने दोन्ही हात काखेत दाबून धरले होते, नाहीतर ते आपोआप पुढे गेले असते. जुन्या सर्व्हरचे दिवे एकेक करून विझले आणि पंखे थांबले.

"आता नव्याचं," ओर्नेला म्हणाली. "इथे तुझं नाव घाल. खाली पासवर्ड."

"कोणता घालू? तुझाच ना?"

"नाही. तुझा तू ठरव." ओर्नेलाने खिडकीकडे तोंड केलं. "आणि मला सांगू नकोस."

मागे कागद फाटल्याचा आवाज झाला.