फटफटीचं झाकण

फटफटी आमच्या घरी पहिल्यांदा आली ती बैलगाडीतून. आमचे हे डॉक्टर. किहीमच्या आसपासच्या गावांतले रोगी बघायला सायकलवर जात. एकोणीसशे तीसच्या पुढची ती वर्षं. मुंबईहून विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची जुनी फटफटी त्यांनी सायकल विकून घेतली, बोटीने रेवसला उतरवली आणि वाटेत ओरखडा नको म्हणून गवतावर निजवून गाडीतून घरी आणली. गाडीवान सासूबाईंना म्हणाला, की पेशंट जपून आणलाय.

इंजिनावर एक ॲल्युमिनियमचं झाकण होतं. घरात त्या धातूला आम्ही जर्मन म्हणत असू. खाऱ्या वाऱ्याने त्याच्यावर पांढुरके डाग पडत. यांनी मुंबईत कोणाचं तरी आरशासारखं झाकण पाहिलं होतं, तेव्हापासून त्यांना चैन नव्हती. दर रविवारी पडवीत चटई पसरायची, झाकण सोडवायचं, स्क्रू बशीत ठेवायचे आणि घासत बसायचं. एका रविवारी त्यांनी ते सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाकलं. बाहेर निघालं ते तव्यासारखं काळं. सासूबाईंनी शांतपणे सांगितलं, की जर्मनचं पातेलं त्या कधीच सोड्यात घालत नाहीत, पण त्यांना विचारलं कोणी?

हे दोन दिवस नीट जेवले नाहीत. शेवटी मीच चिंचेच्या कोळाने काळेपणा काढला. मग रांगोळी मलमलीतून चाळली, खोबरेल तेलात कालवली आणि जुन्या धोतराच्या चिंधीने झाकण घासलं. त्यात माझं कुंकू दिसायला लागलं. यांना एवढा आनंद झाला, की येणाऱ्याजाणाऱ्याला ते पडवीत नेऊन झाकण दाखवत. ते कोणी घासलं हे सांगायचं मात्र राहून जाई. आणि एवढं लखलखीत झाकण धुळीत कसं न्यायचं, म्हणून रोग्यांकडे जायचे ते शेजारच्या बैलगाडीतून.

असे दोनअडीच महिने गेले. एका दुपारी झाकण माझ्या मांडीवर होतं, हातात चिंधी होती, तेवढ्यात खाडीपलीकडच्या गावातला एक माणूस धावत आला. बायको सकाळपासून अडली होती. शेजारची बैलगाडी नारळ घेऊन अलिबागला गेलेली. हे पिशवी घेऊन अंगणात उभे राहिले. फटफटीकडे बघितलं, झाकणाकडे बघितलं, मग म्हणाले, "बांधावर भरतीचं पाणी आलं असेल. सगळा चिखलच."

सासूबाईंसमोर मी त्यांच्याशी मोठ्याने कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "अहो, फटफटी घासायला आणलीत की चालवायला?"

सासूबाईंनी स्क्रूंची बशी पुढे केली. यांनी तेलकट झाकण तसंच बसवलं, त्या माणसाला मागे बसवलं, पिशवी त्याच्या मांडीवर दिली आणि गेले. आवाज ऐकू येईनासा झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की नवऱ्याला काय बोलून बसले. सासूबाई म्हणाल्या, "बरं केलंस. मी बोलले असते तर त्याला राग आला असता."

हे दिवेलागणीला परत आले. मुलगी झाली होती, आई सुखरूप होती. त्यांच्या आणि फटफटीच्या अंगावर सारखाच चिखल होता. बरोबर वालाच्या शेंगांचं गाठोडं होतं. मी चिंच भिजत घालायला उठले, तर म्हणाले, "राहू दे. आता दसऱ्याला घासू."

त्यानंतर ते रोज फटफटीवरून जायला लागले. दसऱ्याला मात्र सकाळीच आंघोळ करून चटईवर बसले आणि रांगोळी किती वेळा चाळायची, असं मला हळूच विचारलं. मी दोनदा म्हणून सांगितलं. त्यांनी चारदा चाळली.