मेसमधली प्रार्थना

नांदेडला कॉलेजात असताना मी एकदा चारचौघांत माझ्या विश्वासाची कबुली दिली. लातूरच्या आमच्या चर्चचे पाळक म्हणत, ज्याला हे धैर्य साधलं त्याला सगळं साधलं. मला ते दोन वर्षं साधलं नव्हतं. मेसमध्ये जेवणाआधीची प्रार्थना मी कपाळ खाजवण्याच्या निमित्तानं डोळे मिटून दोन सेकंदांत उरकत असे.

"लई डोकं खाजवतोस बे, उवा झाल्या का?" माझ्या अर्धापूरच्या रूममेटनं एकदा सगळ्या टेबलासमोर विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी हात जोडले आणि मोठ्यानं प्रार्थना केली. दोन वर्षांत राहून गेलेलं सगळं तीत आलं : अन्न, स्वयंपाकाच्या मावशी, टेबलावरचा प्रत्येक जण, विद्यापीठाची परीक्षा. सगळे हसत असतील या भीतीनं डोळे उघडवेनात, म्हणून प्रार्थना आणखी लांबली. शेवटी उघडले, तर पाचही जण ताटावर हात थांबवून बसले होते. कुणीही घास घेतला नव्हता.

"झालं का? भाकर गार होऊन राहिली," रूममेट म्हणाला.

ते पाच थांबलेले हात आजही आठवतात. दुसऱ्या दिवसापासून मी प्रार्थना तीन वाक्यांवर आणली.