मुरमाचा आहेर

आमच्या घरामागे डंपरने मुरूम टाकला, त्यावर पाणी मारलं आणि त्या वासाने आईची परात आठवली. तेव्हा आम्ही होटगी रस्त्याला राहायचो. वरच्या माळावर एका बिल्डरने प्लॉट पाडताना मुरूम टाकून ओढाच बुजवला. वडील त्याला सांगायला गेले, "ओढा मोकळा सोडायचा, भरावाला भिंत घालायची, नियम हाय की तसा." तो हसला. "पाणी काय पाव्हणं म्हणून तुमच्या घरात येतंय व्हय?" त्याच पावसाळ्यात सगळा भराव वाहत आमच्या घरात शिरला. अंथरुणं, ज्वारीची पोती, सगळं तांबड्या चिखलात. आईने त्यातला घमेलंभर चिखल राखून ठेवला. दिवाळीनंतर बिल्डरच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. आईने तो वाळलेला चिखल परातीत कालवला, वर खण झाकला, ठेवणीतलं इरकल नेसली आणि भरल्या मांडवात परात त्याच्यापुढे ठेवली. "तुमचं पाव्हणं हाय. आमच्याकडं लई राहिलं, आता तुमी सांभाळा." त्याने खण उचलला आणि पंगतीतली माणसं माना उंचावून परातीत बघू लागली. आजचा डंपर त्या बिल्डरच्या मुलाचा आहे, आणि तोही आमच्या घरामागचा नालाच बुजवतोय. आई आता नाही. परात मी घासून ठेवली आहे.