काकांची तेलविहीर

आमच्या तळेगावच्या सोसायटीतले हे काका समुद्रातल्या तेलविहिरींवर इंजिनियर होते. रिटायर झाले, पण विहिरीवरून काही अजून उतरलेले नाहीत. कुणी ढोकळा पुढे केला, की आधी त्याची जाळी दाखवतात. "जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. खडकाला अशी बारीक भोकं असतात, त्यांत तेल भरलेलं असतं. याला म्हणतात पोरॉसिटी!"

"आता गिळा," काकू म्हणतात.

परवा सोसायटीत बोअरवेलची गाडी आली. पाणी लागतंय का बघायला आम्ही पुढे सरकलो, तर काका ओरडले, "मागे व्हा! खालचा दाब एकदम वर उसळला, की ब्लोआउट होतो! माणसं जातात त्यात!"

बोअरवाला उर्से गावचा. तो हसला. "आबा, हितं पानी लागंना, त्येल कुटनं उसळायचं?"

आम्हीही हसलो. काका मात्र बोअरकडे पाठ करून, आमच्यासमोर हात पसरून उभेच राहिले. तेवढ्यात पाणी लागलं आणि चिखलाचा फवारा उडाला. आम्ही कोरडे राहिलो. काका डोक्यापासून पायापर्यंत राखाडी झाले.

चष्मा पुसायच्या आधी त्यांनी विचारलं, "सगळे आहात ना?"

ते गमतीत विचारत नव्हते. मग कुणी हसलं नाही.