नीट पिणारा मुलगा

"अ‍ॅक्यूट पॅन्क्रिआटायटिस," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. म्हणजे स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज. जठरामागची ही ग्रंथी अन्न पचवणारे रस तयार करते. ती बिघडली की तेच रस तिला पचवायला निघतात.

"शराब कितनी लेते हो?" हा प्रश्न माझ्या मुलाला, निनादला होता. पण तो पोट धरून वाकलेला, म्हणून उत्तर मीच दिलं. "हफ्ते में एक बार, मेरे साथ." वर ऐटीत पुस्ती जोडली, "अच्छे घर का लड़का है."

मॅडमनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. लायपेज या रक्ततपासणीचा आकडा असायला हवा त्याच्या कितीतरी पट आला होता.

मी विमा कंपनीतला अधिकारी, मूळचा सांगलीचा. बदली होऊन जयपूरला आलो आणि इथेच रमलो. निनाद सव्वीस वर्षांचा. सीतापुऱ्यात कपड्यांच्या एक्सपोर्ट युनिटमध्ये डिझायनर आहे, जवळच पीजीत राहतो आणि शनिवारी घरी येतो. दोन वर्षांपूर्वी त्याने आम्हाला सांगितलं, की तो गे आहे आणि गोपालपुऱ्यात फिजिक्स शिकवणारा लोकेश त्याचा नुसता मित्र नाही. माझी बायको मेधा भरपूर रडली, आणि दोन दिवसांनी लोकेशला गोड आवडतं का ते विचारू लागली. मला मात्र तोंडच उघडता येईना. त्या शनिवारी मी कपाटातली बाटली काढली, दोन ग्लास मांडले आणि निनादला हाक मारली. तू अजून माझाच आहेस, हे सांगायची मला तेवढीच रीत सुचली.

तेव्हापासून दर शनिवारी आमची बैठक. क्रिकेट, बदल्या, सांगलीचे नातेवाईक. लोकेशचा विषय मी काढायचो नाही, तोही नाही. व्हिस्की तो नीट घ्यायचा, म्हणजे इंग्रजीतलं नीट, थेंबभर पाणी नाही. "ह्यात नीट काय आहे?" असं मेधा चिडून विचारायची. पाणी घालून एकच पेग दोन तास चघळणारा मी, मला त्याचं कौतुक वाटायचं. खोटं कशाला बोलू, हायसंही वाटायचं. असा पिणारा म्हणजे पुरुषासारखा पुरुष, एवढीच माझी अक्कल.

वॉर्डात पहिले दोन दिवस तोंडाने पाणीसुद्धा बंद. सलाईन आणि वेदनेची इंजेक्शनं. लोकेश क्लास संपला की यायचा आणि ओल्या कापसाने निनादचे ओठ पुसायचा. मी पेपर उघडून बसायचो, एक ओळ वाचायचो नाही.

तिसऱ्या दिवशी निनादचे हात थरथरू लागले, घामाने चादर भिजली. थंडी वाजत असेल म्हणून मी ब्लँकेट मागायला धावलो. मॅडम म्हणाल्या, हे विड्रॉवल. रोजची दारू एकदम तुटली की शरीर बंड करतं. रोजची! आणि मी आठवड्यातून एकदा म्हणून सांगून बसलो होतो.

तुमच्या घरी कोणी असं असेल तर एवढं ऐका. रोज पिणाऱ्याला घरच्या घरी दारू एकदम तोडायला लावू नका, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन ती सोडवतात.

थरथर उतरल्यावर मॅडम खुर्ची ओढून बसल्या. निनादने सगळं सांगितलं. ऑफिसच्या पार्टीत ब्रीझर, म्हणजे गोडसर, हलकी दारू हातात घेतली की पोरं 'लड़कियों वाली' म्हणून चिडवायची. म्हणून व्हिस्की. ती पचावी म्हणून रोज थोडी, मग रोज जास्त. लोकेशने दोनदा बाटली बेसिनमध्ये ओतली होती. दोघांची भांडणंही झाली होती.

"पर नीट क्यों? पानी क्यों नहीं?" मॅडमनी विचारलं.

"बाबा देखते थे."

मी उठून खिडकीशी गेलो. पाठीमागून तो मराठीत म्हणाला, "मतलब, पाणी टाकलं असतं तर तुम्हाला वाईट लागलं असतं, बाबा." त्याचं मराठी असं हिंदीतून चालत येतं. एरवी मी लगेच सुधारतो.

"चुकलो रे मी," म्हणालो आणि पायाशी बसून त्याचे पाय चेपू लागलो. लाज वाटत होती आणि पोरावर माया दाटून येत होती. थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं, "आता सोडली तर शनिवारी आपण बसणार नाही ना?"

डिस्चार्जच्या वेळी मॅडमनी बजावलं, "एक बूंद भी नहीं, कभी नहीं. और अंकलजी, घर में भी नहीं." समुपदेशकाकडे दर आठवड्याला जायचं ठरलं. मॅडमनी कुणाला न दुखावता सगळ्यांना बोलतं केलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आणि लोकेशचे तर नाहीच.

शनिवारी बाल्कनीत आम्ही दोघं बसलो, समोर डाळिंबाचे दाणे. ग्लास नाही तर हातांचं करायचं काय, मला सुचेना. शेवटी धीर करून विचारलं, "लोकेश तुला पहिल्यांदा भेटला कुठे?"

तो दचकला. मग सांगू लागला. चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, एका कापडछपाईवाल्याच्या दुकानात तो ठसे निवडत होता, आणि हे मास्तर आपल्या आईची साडी बदलून मागायला भांडत होते. बोलता बोलता त्याचे हात वर आले, हवेत ठसे उमटवू लागले, साडी उलगडू लागले. लहानपणी याच हातांवर मी किती ओरडलोय, मुलींसारखे नाचवू नकोस म्हणून. दोन वर्षं ग्लासने ते माझ्यासाठी अडकवून ठेवले होते.

मी बघतोय हे त्याच्या लक्षात आलं. तो थांबला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला.

"काढ रे हात बाहेर," मी म्हणालो. "आणि सांग, मग साडी बदलून मिळाली का?"