भाऊंचा टायमिंग बेल्ट

एक बोट वर. "जरा ऐकू द्या." एवढं म्हटलं की गल्लीत भाजीवाली असो की पहिली पाळी करून परतणारी माणसं, सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. कारण भाऊ बॉनेटमध्ये डोकं घालून इंजिनाचा आवाज ऐकत असायचे. मी एकदा विचारलं, "काय म्हणतंय इंजिन?" तर म्हणाले, "ताई, काही म्हणत नाही तेच चांगलं."

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आमचे भाऊ नाशकात सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून होते. मेकॅनिकपणाशी संबंध एवढाच की नटबोल्टच्या पेट्या आत घ्यायच्या आणि बाहेर द्यायच्या. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी एक जुनी छोटी गाडी घेतली, आमच्या रांगेतली पहिलीच, आणि रविवारी तिचं काही ना काही उघडून बसायला लागले. "अहो, गॅरेजला टाका की," असं कुणी म्हटलं तर उत्तर ठरलेलं: "नको. माझ्या हातून झालं पाहिजे."

आम्ही याला हौस समजून हसायचो. कारण निराळं होतं, ते मला वहिनींकडून पुढे कळलं.

गाडी घेऊन थोडेच दिवस झाले असताना मालेगावकडून निरोप आला होता, वहिनींच्या आईचं काही खरं नाही. दोघं तसेच निघाले. चांदवडच्या पुढे राहूडच्या घाटात टायमिंग बेल्ट तुटला. हा दातेरी रबरी पट्टा इंजिनाची वरची आणि खालची चाकं एका तालात फिरवतो. तो तुटला की गाडी जागच्या जागी बसते. कांद्याच्या ट्रकने ओढत उमराण्यापर्यंत नेलं, तिथून एसटी. पोचले तेव्हा म्हातारीला नेऊन झालं होतं. वहिनींना आईचं तोंड दिसलं नाही.

 त्यानंतर वहिनी त्या गाडीत कधी बसल्या नाहीत. माहेरी एसटीने, दवाखान्यात रिक्षाने, नाशिक रोडला नणंदेकडे सिटी बसने. भाऊ दार उघडून उभे राहत आणि वहिनी शांतपणे म्हणत, "तुम्ही व्हा पुढं, मी येतेच." एका लग्नाला तर दोघं वेगवेगळे पोचले, आणि मुलीकडच्यांना वाटलं, यांचं भांडण झालंय. भांडण झालं असतं तर बरंच झालं असतं.

तेव्हापासून पट्टा भाऊ घरी बदलू लागले. चांगला असतानाच काढायचे आणि नवा घालायचे. काम झालं की स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून मोठ्याने सांगायचे, "नवीन घातला हो." आतून यायचं, "बरं झालं." बस्स. कारण कळल्यावर मला त्या माणसाची फार दया यायची.

एका वर्षी हा घोळ नेमका नवरात्रात झाला. भाऊंनी गाडी उघडली, चाकांवर ऑफिसातल्या व्हाइटनरने खुणेचे ठिपके दिले, जुना पट्टा काढला आणि द्वारका चौकातल्या दुकानातून नवा आणला. घरी येऊन पाहतात तर वहिनींनी सगळे पाने धुऊन पाटावर मांडलेले. खंडेनवमी! हत्यारांची पूजा झाली, आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही. उघड्या इंजिनालाही हळदकुंकू लागलेलं. भाऊ दिवसभर रुसलेल्या मुलासारखे ओट्यावर बसून होते.

दसऱ्याला सकाळी मी सोनं द्यायला गेले, तर भाऊ बॉनेटवर वाकून घामाघूम. पांढरे ठिपके गायब. वरच्या आणि खालच्या चाकाच्या खुणा जुळल्याशिवाय पट्टा घालता येत नाही, आणि पूजेचं कुंकू पुसायला मन धजेना. अखेर त्यांनी हाक मारली, "अगं, कुंकू कुठं कुठं लावलंस तू?"

वहिनी बाहेर आल्या. इतक्या वर्षांत गाडीच्या एवढ्या जवळ मी त्यांना प्रथमच पाहत होते.

"हळद सगळीकडं लावली. कुंकू फक्त तुमच्या ठिपक्यांवर," त्या म्हणाल्या. "तुम्ही एवढ्या निगुतीनं खुणा केलेल्या, म्हटलं महत्त्वाच्या असणार."

भाऊंनी टॉर्च वहिनींपुढे केला. मग म्हणाले, "बॅटरी धर जरा."

वहिनींनी बॅटरी धरली. पट्टा चढला. भाऊंनी पाना लावून इंजिन हातानेच सावकाश फिरवलं. लाल ठिपके फिरून परत आपापल्या जागी आले. भाऊ मान वर न करता बोलले, "घाटात तुटला तो पट्टा, तेव्हाच बदलायला झाला होता. मला ठाऊक होतं. पुढच्या महिन्यात बघू म्हटलं."

"मलाही ठाऊक होतं," वहिनी म्हणाल्या. "जेवताना तुम्हीच बोलला होतात. आधी करून घ्या, असं मी तरी कुठं म्हटलं."

मी आपट्याची पानं हातात घेऊन तशीच उभी. निघून जावं हे कळत होतं, पाय निघत नव्हता.

बॅटरी विझवत वहिनींनीच विचारलं, "भाऊबीजेला मालेगावला गाडीच न्यायची ना?"

भाऊबीजेहून परतल्यावर भाऊ फाटकातूनच मला सांगू लागले. चेहरा नुसता फुललेला. "ताई, घाटात झोपली होती ही. अख्ख्या घाटात. गाढ." पुढे ज्याला त्याला तेच सांगत. झोपलेल्या बायकोचं इतकं कौतुक मी दुसऱ्या कुणाच्या तोंडी ऐकलं नाही.

भाऊ गेले त्याला आता बराच काळ झाला. झोपेतच गेले. तेराव्यानंतर मी वहिनींपाशी बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून ती घाटातली आठवण काढली.

वहिनी हसल्या. "झोपले कुठं होते मी? पट्टा आत्ता तुटतो की मग, एवढंच डोक्यात. डोळ्यांतली भीती दिसली असती तर तेही घाबरले असते, म्हणून डोळे मिटून घेतले." मग डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "आणि त्यांना वाटलं, मला झोप लागली. घाट संपेपर्यंत गाडी अगदी हळू नेली, एकदा हॉर्न वाजवला नाही हो त्यांनी. मागून ट्रकवाले शिव्या घालत होते, आणि मी आपली डोळे मिटून ऐकतेय."