ओसरीवरचं खाकरणं

वर्ध्याच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत असे. घाबरल्यावर रक्तात उतरणारं ॲड्रेनलीन यकृताच्या पेशीत शिरतच नाही, हे मी दरवर्षी ठणकावून सांगायचो. ते पेशीच्या पटलावरच्या ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, बाहेरूनच चिकटतं. ग्राहकाचं आतलं टोक हलतं, आत सायक्लिक एएमपी नावाचा दुसराच निरोप्या तयार होतो, तो पुढच्यांना कामाला लावतो आणि पेशी साठवलेली साखर रक्तात सोडते. बाहेर एक रेणू, आत हजारोंची धावपळ. मुलं लिहून घेत. मला स्वतःला त्यातलं काही दिसत नव्हतं, पण पगार वेळेवर होत असल्यामुळे मी तक्रार केली नाही.

दिसलं ते गिरडकडच्या एका गावात, मुलगी पाहायला गेलो तेव्हा. मुलगी बी.एस्सी. झालेली, घर चांगलं. याआधीच्या घरांनी मला नापसंत केलेलं, त्यामुळे मामा एसटीतच बजावत होते, की तिथं शहाणपणा दाखवू नको.

आम्ही ओसरीवर टेकलो. मुलीचे वडील आतल्या दारापर्यंत गेले, उंबऱ्याबाहेर थांबून एकदा खाकरले आणि परत येऊन बसले. बस, एवढंच. दाराआड बसलेल्या मुलीच्या आत्याबाईंनी ते झेललं, आत काहीतरी पुटपुटल्या. बांगड्या वाजल्या, कपबशा निघाल्या, स्टोव्हला पंप बसू लागला. वडील आत गेले नव्हते, एक शब्दही बोलले नव्हते. तीन वर्षं घोकलेला धडा माझ्यासमोर चहा करत होता.

इतक्यात एसटीतल्या धुळीनं मला खरोखरच खोकला आला. आत पुन्हा हालचाल, पुन्हा चहा. मग मला राहवेना. मुद्दाम खोकलो. पाणी आलं. आणखी खोकलो, सुपारी आली. त्यानंतर मात्र कितीही खोकलो तरी आत सामसूम. फार डिवचलं की ग्राहक बधिर होतो, हेही मी शिकवत असे. आनंदाच्या भरात जरा मोठ्यानं खोकून खात्री करून घेतली.

वर पाहिलं तर वडिलांचा चेहरा उतरलेला.

"मामाजी, पोराले टीबी-गिबी तर नाई ना?"

लग्न मोडल्यात जमा होतं. मी घाईघाईनं सगळं सांगून टाकलं : ॲड्रेनलीन, यकृत, आत्याबाई.

"म्हणजे आमच्या घरावर प्रयोग करून राह्यले होते तुम्ही?"

याचं उत्तर टीबीपेक्षा वाईट होतं. तेवढ्यात दाराआडून मुलगीच बोलली.

"बाबा, आत्या तर अजून चहा ठेवा म्हणत होती. मीच तिले गप्प बसवलं. पाहुणे खोटं खोकून राह्यले."

ग्राहकाला गप्प बसवणारं कुणीतरी आतलंच असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. काही वर्षांनी पुस्तकातही तेच आलं.

मामा हसले. वडील हसले नाहीत. छातीचा फोटो काढून आणा, मग पाहू, म्हणाले.

वर्ध्याला फोटो काढला आणि मामांना घेऊन पुन्हा त्या ओसरीवर जाऊन बसलो. घशात धूळ होतीच. जीव गेला तरी खोकायचं नाही, असं ठरवून डोळ्यांत पाणी आणून बसलो. वडिलांनी फिल्म उन्हाकडे धरली, आधी उलटी, मग सुलटी. बराच वेळ पाहिली. मग ती पाकिटात घातली, उठले, उंबऱ्यापर्यंत गेले आणि एकदा खाकरले.

आत स्टोव्हला पंप बसू लागला.